आपटलेल्या ॲनिमेशनपटांना दुसरा भाग का मिळायला हवा (आणि कुणाला नको)

ॲनिमेशनपटाचा सिक्वेल काढायचा की नाही, हे बहुतेक वेळा एकाच आकड्यावर ठरतं: पहिल्या भागाचा गल्ला. हा निकष मला साफ चुकीचा वाटतो. सिनेमा कुठल्या आठवड्यात लागला आणि कुणासमोर लागला, यावर गल्ला ठरतो. गोष्ट पुढे जाऊ शकते का, हे मात्र गोष्टीतच बघावं लागतं.

डिस्नेचा 'ट्रेझर प्लॅनेट' (२००२) घ्या. दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर, म्हणजे 'द लिटल मरमेड' आणि 'अलादीन' करणारी जोडी. खर्च सुमारे १४ कोटी डॉलर, जगभरातला गल्ला सुमारे ११ कोटी. तिकिटाच्या पैशातला साधारण अर्धा वाटा थिएटरकडे जातो, जाहिरातीचा खर्च वेगळा. त्यामुळे खर्चाच्या दोन ते अडीच पट गल्ला जमला तरच सिनेमा थिएटरातून सुटला असं धरतात. त्या हिशेबानं हा सपशेल आपटला. पण तो लागला २७ नोव्हेंबरला. 'हॅरी पॉटर'चा दुसरा भाग १५ तारखेलाच आला होता, नवा बॉन्डपट २२ तारखेला, आणि खुद्द डिस्नेचाच 'द सांता क्लॉज २' महिन्याच्या पहिल्या दिवसापासून पडद्यावर होता. कुटुंबासह येणारा प्रेक्षक आधीच वाटला गेला होता. सिक्वेलची तयारी सुरू झाली होती. गल्ला बघून ती थांबवली.

आता गोष्टीत काय उरलंय ते बघा. शेवटी नायक जिम अकादमीच्या गणवेशात दिसतो आणि सिल्व्हर हा लुटारू चाचा फरार असतो. ज्या चाच्यानं या पोराला बापाची माया दिली, त्यालाच पकडणं उद्या या पोराचं कर्तव्य ठरणार. याहून सरस पेच कुठला लेखक शोधून काढणार? शिवाय जिमच्या सफरीतले सोबती डॉप्लर आणि कॅप्टन अमेलिया यांना चार पिल्लं झालेली दाखवली आहेत. कथेतही वीस वर्षं लोटू दिली तर पुढची पिढी आयतीच जहाजावर चढते.

करताना अडचणी येणार, त्याही स्पष्ट सांगतो. सिल्व्हरचं शरीर ॲनिमेटर ग्लेन कीनच्या देखरेखीखाली हातानं काढलेलं, आणि त्याचा यांत्रिक हात संगणकावर बनवलेला. हे जमतं का ते तपासायला आधी 'पीटर पॅन'मधल्या कॅप्टन हुकच्या जुन्या दृश्यात त्याच्या हाताच्या जागी संगणकी हात बसवून पाहिला होता. असं मिश्रण करताना खांद्यापाशी रेषा आणि मॉडेल यांचा सांधा प्रत्येक फ्रेममध्ये जुळावा लागतो. केसभर सरकला तरी हात अंगाबाहेर तरंगल्यासारखा दिसतो. ९० मिनिटांचा सिनेमा म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १,२९,६०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी एका पात्राला सेकंदाला बारा चित्रं लागतात. डिस्नेची त्या काळची रंगभरणीची यंत्रणा, कॅप्स, केव्हाच बंद झाली. २००९ च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'साठीच त्यांना टून बूम हार्मनी या बाहेरच्या सॉफ्टवेअरकडे वळावं लागलं होतं. पण हातानं काढलेल्या पात्राचं मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं काढायचं याचा नमुना-कागद, जुनं होत नाही. चांगला चित्रकार ते समोर ठेवून आजही जिम काढू शकतो. आवाजाचं मात्र तसं नाही. सिल्व्हरला आवाज देणारे ब्रायन मरे २०१८ मध्ये गेले, तेव्हा नवा आवाज शोधणं आलंच.

संगणकी ॲनिमेशनमध्ये लोकांचा समज नेमका उलटा असतो: मॉडेल तयारच आहेत, मग दुसरा भाग झटपट आणि स्वस्तात होईल. तसं होत नाही. ड्रीमवर्क्सचा 'राइज ऑफ द गार्डियन्स' २०१२ चा. पुढे २०१४ च्या 'हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन २'पासून त्या स्टुडिओनं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअरच बदललं. अशा वेळी पात्राचा बाह्य आकार नव्या यंत्रणेत नेता येतो, पण रिग, म्हणजे ज्या नियंत्रणांनी भुवई उचलते आणि कोपर वळतं ती सगळी रचना, बहुतांशी नव्यानं बांधावी लागते. केस, कापड, प्रकाशयोजना यांचंही तेच. जुन्या भागातून खरोखर वाचतो तो डिझाइनवर घालवलेला काळ. पात्र कसं दिसतं, कसं चालतं, कशावर चिडतं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि ही बचत लहान नाही.

'गार्डियन्स'चा गल्ला ३० कोटी डॉलरच्या वर गेला होता, पण खर्च १४.५ कोटी. स्टुडिओला मोठा तोटा खाती मांडावा लागला आणि दुसऱ्या भागाची दारं बंद झाली. मला सगळ्यात जास्त हळहळ याच सिनेमाची वाटते, कारण सर्वोत्तम साहित्य न वापरता तसंच पडून आहे. विल्यम जॉइस यांच्या मूळ पुस्तकांत खलनायक पिच हा एके काळी भयाच्या जीवांना डांबून ठेवणाऱ्या तुरुंगाचा पहारेकरी असतो. मुलीवरच्या मायेमुळे तो फसतो आणि त्या अंधाराच्या तावडीत सापडतो. सिनेमात यातलं काहीच नाही. त्याचीच दुःस्वप्नं त्याला ओढून नेतात आणि विषय संपतो. नायक जॅक फ्रॉस्टला त्याचा भूतकाळ मिळाला. पिचचा भूतकाळ हा दुसरा सिनेमा आहे.

प्रत्येक आवडत्या सिनेमाचा दुसरा भाग मागू नये, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो. 'द आयर्न जायंट' (१९९९) मला जिवापाड प्रिय आहे. 'द सिक्स्थ सेन्स'च्याच दिवशी लागला आणि बुडाला. शेवटी यंत्रमानवाचे विखुरलेले तुकडे आइसलँडमधल्या हिमनदीकडे सरकताना दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं दार उघडं आहे. पण आपण शस्त्र व्हायचं नाही, हा त्या यंत्रमानवाचा निर्णय पूर्ण झालाय. त्याला परत आणलं तर एक तर तोच निर्णय पुन्हा घ्यायला लावाल, नाहीतर मोडायला. 'टायटन ए.ई.' (२०००) याच्या अगदी विरुद्ध. तिथे नवी पृथ्वी तयार होते आणि सिनेमा संपतो. माणसं तिच्यावर राहणार कशी, हा खरा प्रश्न पुढेच आहे.

आणि स्वस्तातला सिक्वेल नकोच. 'अटलांटिस'च्या दुसऱ्या भागात (२००३) रद्द झालेल्या टीव्ही मालिकेचे तीन एपिसोड जोडून थेट व्हिडिओवर आणले. 'मेगामाइंड'चा दुसरा भाग चौदा वर्षांनी आला तो मालिकेची सुरुवात म्हणून, आणि ॲनिमेशनचा दर्जा पहिल्या मिनिटापासून खाली. असे भाग पडले की प्रेक्षकांनाच रस नाही असा निष्कर्ष निघतो, आणि चांगल्या सिक्वेलची वाटही बंद होते.

नीट केलं तर काय होतं ते 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'नं (२०२२) दाखवलं. अकरा वर्षांचं अंतर. जुन्या रूपाला चिकटून न राहता रंगवलेल्या चित्रासारखे पोत घेतले, मारामारीत हालचाली मुद्दाम तुटक ठेवल्या, आणि मुख्य म्हणजे पात्राला नवा प्रश्न दिला: नऊपैकी आठ आयुष्यं संपलेल्या मांजराला मृत्यूची भीती वाटते. खर्च पहिल्या भागापेक्षा कमी, गल्ला सुमारे ४८ कोटी डॉलर.

'टिनटिन'च्या (२०११) बाबतीत तर दुसरा भाग न काढायला पैशाचं कारणही पटत नाही. स्पीलबर्गच्या या सिनेमानं साडेतेरा कोटी खर्चावर सुमारे ३७ कोटी डॉलर जमवले. त्यातले उत्तर अमेरिकेतले जेमतेम पावणेआठ कोटी, आणि तेच त्याला भोवलं असं माझं मत आहे. टिनटिनचा जनक एर्जे याचे चित्रकथांचे अल्बम तयार आहेत. 'सात स्फटिकगोल' आणि 'सूर्याचे कैदी' हे दोन मिळून एक सलग गोष्ट आहे, दोन तासांत बसणारी. मोशन कॅप्चरमुळे, म्हणजे कलाकाराच्या हालचाली नोंदवून संगणकी पात्राला देण्याच्या तंत्रामुळे, कलाकारांचं वाढलेलं वय चेहऱ्यावर दिसायचा प्रश्नच नाही. पहिल्या सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात समुद्रतळाच्या खजिन्याचा माग हाती आलेला आहे. दुसरा भाग पीटर जॅक्सननं करायचा, हेही तेव्हाच ठरलं होतं.