चिरंजीवांची वरकमाई: ख्रिस्ती मातापित्यांस उपयुक्त सूचना

आपले चिरंजीव सरकारी कार्यालयात मलईच्या टेबलावर बसले असतील आणि कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातील नवी सदनिका त्यांच्या पगारात कोणत्याही गणिताने बसत नसेल, तर प्रथम मन शांत ठेवावे. देणाऱ्याने दिले, चिरंजीवांनी घेतले. आपण केवळ त्या सदनिकेच्या गॅलरीत चहा घेत आहोत, आणि चहा पिऊ नये अशी आज्ञा मोशेच्या दोन्ही पाट्यांवर कोठेही नाही.

तरीही टोचणी लागलीच, तर बायबलातील शिलो गावच्या एली याजकाचा कित्ता गिरवावा. त्याचे पुत्र हफनी आणि फिनहास यांचा सेवक अर्पणाचे मांस शिजत असतानाच तीन दातांचा काटा भांड्यात खुपसून वर येईल तेवढे घेऊन जाई, आणि कोणी कुरकुर केल्यास बळजबरीची धमकी देई. एलीने मुलांना फार सुंदर उपदेश केला, पण काटा काही काढून घेतला नाही; उलट अर्पणातील उत्तम भागांवर तुम्ही सारे पुष्ट झालात, असा ठपका त्याच्यावरही आला. कोल्हापुरात हा कित्ता विशेष सोपा आहे. रविवारी उपासनेहून आल्यावर मुलाला प्रामाणिकपणाविषयी चार शब्द सुनवावेत आणि तांबडा-पांढरा पुढे आला की थांबावे, कारण मटण कोणाच्या पैशाचे, हे ताटावर विचारणे आपल्या जिल्ह्यात तरी असभ्य मानतात. बायबलातील पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय मात्र वाचू नये. तेथे अठ्ठ्याण्णव वर्षांचा, अंगाने जड झालेला एली आसनावरून मागे कोसळतो व मान मोडून मरतो.

सदनिका आपल्या नावावर घेण्यास चिरंजीव सुचवतील, तेव्हा त्यांच्या मातृपितृभक्तीचे कौतुक करून निमूट सही करावी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे. लोकसेवकाच्या बेहिशेबी मालमत्तेला साथ देणाऱ्या नातेवाइकांवरही अपप्रेरणेचा खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले आहे, पण म्हातारपणी बारीक अक्षर वाचून डोळ्यांना ताण कशाला द्यावा?

गृहप्रवेशाला पाळकसाहेबांना बोलवावे आणि दशांश, म्हणजे मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा भाग, ठळक पाकिटातून द्यावा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने परत फेकलेली चांदीची तीस नाणी रक्ताचे मोल म्हणून मंदिराच्या भांडारात घेण्यास मुख्य याजकांनीदेखील नकार दिला होता. आपल्या मंडळीचा खजिनदार इतका कर्मठ नसावा, अशी आशा बाळगावी. नातवंडांना जकातदार जक्कयाची गोष्ट जरूर सांगावी, परंतु तो येशूला पाहण्यासाठी उंबरावर चढला की पुस्तक मिटावे. खाली उतरल्यावर तो अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ लागतो आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा करतो, जी बालमनास झेपणारी नाही. (आपल्या बऱ्याच संडे स्कूलमध्ये जक्कय अद्याप झाडावरच आहे.)

एका गोष्टीपासून सावध राहावे. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची घराण्याची अब्रू उराशी धरून बसलेली काही हट्टी जोडपी अजूनही आढळतात. ती मुलाच्या सदनिकेत राहायला जात नाहीत, त्याने दिलेला सोन्याचा गोफ परत करतात, भाड्याच्या दोन खोल्यांत निवृत्तिवेतनावर भागवतात, आणि मुलाला तोंडावर सांगतात की, ज्याचे घेतलेस त्याला नेऊन दे, मग जेवायला ये. अशांशी वाद घालू नये. त्यांची वचने पाठ असतात. उपासना सुटल्यावर आवारात एवढेच कुजबुजावे की, त्यांचे सुनेशी पटत नाही.