बायणा, मोतीडोंगर आणि ‘वाढलेले ख्रिस्ती’

‘मिशनवाल्यांनी झोपडपट्ट्या धरल्या, म्हणून गोव्यात ख्रिस्ती वाढले’ असा मेसेज वास्को-मडगावच्या ग्रुपांवर फिरतोय. जनगणना उलटं सांगते. 2001 मध्ये गोव्यात ख्रिस्ती सुमारे 26.7 टक्के होते, 2011 मध्ये 25.1. त्यानंतरचे धर्मनिहाय आकडेच आलेले नाहीत, मग ही ‘वाढ’ मोजली कुणी? टक्का घटण्यामागे बाहेर जाणारे गोंयकार आहेत, तसे कामासाठी आत येणारेही. बायणा, झुआरीनगर, मोतीडोंगर या वास्को-मडगावकडच्या वस्त्यांत राहणाऱ्यांत कर्नाटकातून, आपल्या महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं भरपूर आहेत.

दुसरं, ‘मिशन’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका. कारितास गोवा ही कॅथलिक आर्चडायोसिसची, म्हणजे महाधर्मप्रांताची, समाजकार्य शाखा. स्वतंत्र प्रार्थनामंडळं तिच्या अखत्यारीत येत नाहीत. त्यांतली काही उघडपणे धर्मप्रचार करतात, हे खरंच आहे. तो अधिकार घटनेच्या कलम 25 मध्ये आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच स्पष्ट केलंय. आमिष दाखवल्याचा पुरावा असेल तर पोलिसांत द्या. मेसेजसोबत फिरणारे संध्याकाळच्या शिकवणीला बसलेल्या पोरांचे फोटो म्हणजे पुरावा नव्हे, आणि ते फिरवणं तर मुळीच बरं नव्हे.