तुमच्या रिव्ह्यूला उत्तर, आणि त्या 50 मिनिटांचा हिशोब

नमस्कार मॅडम, मी या रेस्टॉरंटची मालकीण. शनिवारी रात्री तुम्ही आमच्याकडे जेवून गेलात आणि एक स्टार दिलात, तो रिव्ह्यू मी रविवारी सकाळी वाचला, दुपारी परत वाचला, रात्री झोप लागेना म्हणून अजून एकदा वाचला. उत्तर द्यायला 3 दिवस लागले कारण पहिल्या दिवशी जे टाइप केलं होतं ते रागात होतं, ते मी डिलीट केलं.

आधी माफी मागते. ग्रीन करी तुम्ही कमी तिखट सांगितली होती आणि तशी ती आली नाही. मी केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, काढून बघितली, त्यावर कमी तिखट असं कुठंच लिहिलेलं नाही, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्याकडून राहिलं, आणि वर तुम्ही विचारल्यावर त्यानं थाई असंच असतं म्हणून सांगितलं. हे चुकलंच. ग्रीन करीची पेस्ट ताज्या हिरव्या मिरच्या वाटूनच होते, त्यामुळे नंतर तिखट काढून घेता येत नाही, पण पेस्ट कमी आणि नारळाचं दूध जास्त घालून आधीच सौम्य करता येते, आम्ही रोज करतो, लहान मुलांसाठी तर करतोच. तुमच्या आईंना दोन घास पण खाता आले नाहीत हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

टॉम यम सूपमध्ये लाकडाचे तुकडे होते असं तुम्ही लिहिलंय. ती गवती चहाची देठं आणि गलांगल, म्हणजे आल्यासारखा एक कंद, ते वासासाठी असतं, चावून खायचं नसतं, बाजूला काढायचं. पण हे वाढतानाच सांगायला हवं होतं, तुम्हाला कसं कळणार. तेही आमच्याकडेच.

आता 50 मिनिटं. तुम्ही लिहिलंय, "सुशीसाठी तब्बल 50 मिनिटं बसवून ठेवलं आणि आली तेव्हा नोरी रबरासारखी चिवट, भात धड गरम नाही धड थंड नाही, सकाळचा उरलेला वाटत होता". मॅडम, बाकी सगळं मी खाली मान घालून ऐकून घेईन, पण हे एक वाक्य माझ्या जिव्हारी लागलंय आणि याबद्दल मला सविस्तर बोलायचंय, लांबलं तर माफ करा.

तुम्ही टेबलवर बसलात 8 वाजून 24 मिनिटांनी. तेव्हा तुम्ही चौघं होता, बुकिंग सहाचं होतं. आमचा वेटर मुलगा ऑर्डर घ्यायला आला तेव्हा तुम्ही म्हणालात थांब, दोघं यायचेत, ते आले की सांगतो. काहीच हरकत नाही, सगळेच असं करतात. मग तो परत आला, तेव्हाही थांब म्हणालात, आणि शेवटी ती दोघं आली नव्हती तरी तुम्ही ऑर्डर दिलीत, ती केओटी 8.47 ला छापलेली आहे, कागद माझ्यासमोर आहे. टॉम यम 8.58 ला गेलं. सुशीचा प्लॅटर गेला 9.14 ला. म्हणजे ऑर्डरपासून 27 मिनिटं. 50 होतात ती तुम्ही खुर्चीवर बसल्यापासून मोजली तर. आणि त्यातली पहिली 23 मिनिटं किचनला माहीतच नव्हतं की तुम्हाला काय हवंय.

27 पण जास्त वाटली असतील, मान्य. पण तो 32 पीसचा प्लॅटर होता, त्यात 8 निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा तुकडा, आणि शनिवारी रात्री सुशी काउंटरवर एकच माणूस उभा असतो, तो माझा सख्खा भाऊ. आम्ही रोल आधीच करून फ्रिजमध्ये ठेवत नाही. ठेवले असते तर तुम्हाला 5 मिनिटांत मिळाले असते, आणि मग भात आतून कडक, दाणा दाणा झालेला मिळाला असता, कारण शिजलेला भात फ्रिजमध्ये घट्ट होतो. म्हणून ऑर्डर आल्यावरच प्रत्येक पीस हातानं होतो, भात हातात घ्यायचा, दाबायचा पण चेपायचा नाही, वर मासा, की झालं पुढचं. याला घाई केली की लगेच कळतं.

प्लॅटर 9.14 ला आला आणि त्यातला पहिला पीस उचलला गेला 9.36 ला. हे मी कॅमेऱ्यात बघितलं, कृपा करून गैरसमज करून घेऊ नका, तक्रार आली की आम्ही बघतोच, नाहीतर चूक कुणाची ते कळणार कसं. ती 22 मिनिटं प्लॅटर टेबलच्या मधोमध होता, आधी फोटो झाले, मग तुमच्या दोन पाहुण्यांची वाट बघणं चालू होतं. आमचा मुलगा दोनदा येऊन म्हणाला की सुशी आधी खाऊन घ्या, बाकीच्यांसाठी नंतर दुसरी आणतो. दुसऱ्यांदा त्याला हातानंच जा असं सांगितलं गेलं. तुम्ही तुमच्या माणसांसाठी थांबलात यात मला काही वावगं वाटत नाही, मीही थांबले असते. पण नोरी म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, ते कुरकुरीत असतं तोवरच मजा, भाताला टेकलं की त्यातला ओलावा ओढायला लागतं आणि काही मिनिटांत मऊ, मग चिवट होतं. आमचीच नाही, कुणाचीही. निगिरी ही चीजच मुळात 19 व्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या स्टॉलवर समोर करून लगेच हातात द्यायची आणि उभ्या उभ्या खायची म्हणून आली. ती थांबायला बनलेलीच नाही.

आणि भात. तो कोमट असतो कारण तो कोमटच असायला लागतो, साधारण आपल्या अंगाइतका. गरम भातात राइस व्हिनेगर, साखर, मीठ घालून तो वारा घालत अंगाच्या उष्णतेवर आणतात, व्हिनेगरमुळे तो आंबट होतो, त्याचा पीएच 4.6 च्या खाली जातो म्हणून तो काही तास बाहेर राहू शकतो, आम्ही रोज पट्टीनं चेक करतो आणि वहीत लिहितो. शनिवारी तुमच्या प्लॅटरचा भात संध्याकाळी 7 ला लावलेला होता. सकाळचा उरलेला हे तुम्ही कशावरून लिहिलंत मला खरंच कळलं नाही. माझा भाऊ या भातासाठी किती वर्षं हात भाजून घेतोय ते मी बघितलंय, पाण्याचं माप तांदूळ नवा की जुना यावर रोज बदलतो तो. तुमचा रिव्ह्यू मी त्याला दाखवणार नव्हते, पण त्यानं स्वतःच फोनवर वाचला आणि तो काही बोललाच नाही. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मासा फ्रोझन असतो हे स्टाफनंच कबूल केलं, असंही लिहिलंत. कबूल काय, आम्ही विचारेल त्याला सांगतो. कच्चा खायचा मासा आधी खोल गोठवतात तो त्यातले परजीवी मरावेत म्हणून, अमेरिकेच्या अन्न खात्याची गाइडलाइनच आहे, उणे 20 डिग्रीला 7 दिवस, किंवा उणे 35 ला गोठवून 15 तास. फ्रोझन म्हणजे शिळा असं नाही, उलट ते केलं नसतं तर मी माझ्या पोरांना पण कच्चा मासा दिला नसता.

राहिलं उद्धटपणाचं. शेवटी सुशी गार झाली म्हणून तुम्ही ती मायक्रोवेव्हमधून गरम करून मागितलीत आणि भावानं नाही म्हणून निरोप पाठवला. त्याचा निरोप तुटक होता, मी असते तर नीट समजावून सांगितलं असतं, त्या वेळी मी बिलिंगला होते. त्याबद्दल सॉरी. पण सॅमनची निगिरी मायक्रोवेव्हमध्ये फिरवली तर मासा अर्धवट शिजतो आणि तुम्ही तेच इथे लिहिलं असतंत. आणि एक बोलू का, आमचा तो मुलगा 19 वर्षांचा आहे, पहिलीच नोकरी आहे त्याची, त्याला चुटकी वाजवून बोलावलं गेलं तरी तो रात्री दार उघडून धरायला आला होता. रिव्ह्यूत त्याच्याबद्दल मठ्ठ असा शब्द आहे, तो त्यानं वाचलाय. करीची चूक त्याचीच आहे, त्याबद्दल मी त्याला बोलले आहे, पण हा शब्द नको होता.

तुमच्या रिव्ह्यूनंतर येत्या वीकेंडची दोन बुकिंग कॅन्सल झाली. एकानं फोनवर सरळ विचारलं, तुमच्याकडे सकाळचा भात देतात का. आमच्याकडे 11 माणसं काम करतात मॅडम, मोठ्या चेनसारखं मागे कुणी उभं नाही, एक महिना वाईट गेला की पगारापासून अडचण सुरू होते. म्हणून एवढं लिहितेय, तुम्हाला खोटं पाडायला नाही.

बदल करतोय. तिखटाचं ऑर्डर घेताना परत वाचून दाखवायचं असं सगळ्यांना सांगितलंय, टॉम यमबद्दल मेनूवर काहीतरी टाकू, आणि शनिवारी काउंटरवर दुसरा हात मिळतो का तेही बघतेय, बघू कसं जमतं ते.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. करीबद्दल लिहिलंय ते तसंच राहू दे, ते खरं आहे. फक्त 50 मिनिटं आणि सकाळचा भात या दोन गोष्टी जमलं तर परत एकदा बघा, केओटीचा फोटो हवा असेल तर मेसेज करा, पाठवते. आणि आईंना घेऊन परत यावंसं वाटलं तर टेबल नको, सरळ सुशी काउंटरसमोरच्या खुर्च्यांवर बसा, भाऊ एकेक पीस करून हातात देईल, आणि आईंची करी मी स्वतः आत उभी राहून करून घेईन.