नाकापेक्षा होडी जड

बोट घेतलीत, अभिनंदन! आता ती ओढायला दणकट गाडी लागेल असं कोणी म्हणालं, तर तो जळतोय असं समजा. तुमच्या छोट्या एसयूव्हीला मागे हूक बसतो ना? मग झालं तर. शर्टाला बटण बसतं, तसा हूक बसतो. ताकद आपोआप येते.

गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. ती पुस्तिका जॅकखाली दबलेली आहे, तिथेच राहू द्या. बोटीचं वजन मात्र जाहिरातीतलंच धरा. त्यात बहुधा इंजिन नसतं, इंधन नसतं आणि ट्रेलर तर नसतोच. १०० लिटर पेट्रोल ७० किलोच्या वर भरतं, पण ते पेट्रोलचं वजन झालं, बोटीचं थोडंच?

जाणकार म्हणतात, ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. गाडीची कंबर बसते हो त्यानं! त्यापेक्षा नांगर, दोर, बर्फाची पेटी सगळं बोटीच्या मागच्या टोकाला रचा. गाडी कशी ताठ उभी राहील. मग वेग घेतलात की ट्रेलर शेपटी हलवायला लागेल, आणि थोड्या वेळानं शेपटीच कुत्र्याला हलवेल. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरणं हा घाबरटांचा मार्ग. तुम्ही करकचून ब्रेक मारा. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते म्हणे. होईना, आपल्याला जायचंय, थांबायचंय कुठे?

बोट पाण्यात सोडायच्या उतारावर पोहोचलात की लगेच पाण्यात घुसा. प्रवासात तापलेले ट्रेलरच्या चाकांचे हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, एकदम गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि बेअरिंग पाणी ओढून घेतं. त्यालाही तहान लागतेच की.

आता रिव्हर्स. ट्रेलर नेहमी स्टिअरिंगच्या उलट वळतो. काही लोक स्टिअरिंग खालून धरतात. हात ज्या बाजूला न्यावा त्या बाजूला ट्रेलर जातो. असल्या युक्त्यांत मजा नाही. मेहुण्याला मागे उभं करा. तो तुम्हाला आरशात दिसणार नाही अशाच जागी उभा राहील आणि "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणत राहील. "बस्स" हा शब्द तो आवाज झाल्यावर उच्चारतो. मागे रांगेतल्या चार गाड्यांनी एव्हाना इंजिनं बंद केलेली असतात. त्यांच्याकडे बघू नका.

बोट एकदाची पाण्यात सुटली. आता ट्रेलर ठेवून या. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. चढावर भार सरकतो मागे, त्यात हूक शेपूट खाली दाबतोय, आणि पुढची चाकं शेवाळावर. टायर जागच्या जागी गरगर फिरतील, रबराचा वास सुटेल. आणि चाकाखाली लावायचे ठोकळे? ते घरी सुरक्षित आहेत.

तेवढ्यात मेहुणा विचारेल, "दाजी, हे रबरी बूच कसलं?" बोटीच्या तळाचं आहे ते. हरवू नये म्हणून तुम्हीच ते गाडीच्या कप्प्यात जपून ठेवलं होतं. बोट एव्हाना निवांत पाणी पीत असेल, लिटरमागे एक किलो या सरळ हिशेबानं. ५०० लिटर आत आलं की घरून आणलेल्या बोटीपेक्षा अर्धा टन जड बोट त्याच उतारावरून, त्याच शेवाळावरून, त्याच हुकानं वर काढायची.

मेहुणा गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलाय. "येऊ दे, येऊ दे..."