चार आकडे

काल रात्री सव्वादहाला मी एटीएमसमोर उभा राहून स्वतःच्याच पैशांची विनवणी करत होतो. मार्चअखेर. पहाटे पाचला उठलेलो, दिवसभर हिशेब जुळवलेले, आणि आमच्या दूधवाल्याला रोखच लागते. कार्ड नवं, पिनही आठवड्यापूर्वीचा. पण बोटांनी मला न विचारता अकरा वर्षांचा जुना पिन दाबला. चुकीचा. पुन्हा दाबला. तोच.

"विसरलात वाटतं?" मागून आवाज. शतपावलीला निघालेले एक काका खांद्यावरून डोकावत होते.

"नाही, आठवतोय."

"किती आकडी?"

"चार."

"म्हणजे दहा हजारच शक्यता. त्यातली एक संपवलीत. तीही दोनदा."

मी गप्प. काका खुलले. "आम्हाला गुरुजींनी औटकी घोकवली. साडेतीनाचा पाढा! झोपेतून उठवा, म्हणून दाखवतो." कोणी उठवलं नव्हतं, तरी दाखवला. "बे औटं सात, तीन औटं साडेदहा..." मागच्या पोराने कानातले हेडफोन काढले. 'सात औटं साडेचोवीस'ला वॉचमनने खुर्चीतच कूस बदलली. "तुमची पिढी घोकतच नाही हो!"

मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

काकांचं चुकत नव्हतं, राग त्याचाच. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरं स्वतःच घोकून १८८५ साली दाखवून दिलं, की तासाभराने तीच यादी पुन्हा पाठ करायला बसलं तर निम्म्याहून जास्त मेहनत परत करावी लागते. त्याला अर्थहीन अक्षरं मुद्दाम तयार करावी लागली. आमची ती सोय बँकच बघते: जन्मसाल नको, ओळीने आकडे नकोत, अर्थ लागेल असं काही नकोच.

त्यात जागरण. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हाताचं-डोळ्याचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं बिघडतं, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियात मोजलेलं आहे. आपल्याकडे ०.०३ च्या वर गेलात तर गाडी चालवताना पोलीस धरतात. म्हणजे थेंबही न घेता मी बेकायदा उभा होतो. साहेबांनी मात्र निघताना बजावलं होतं, "उद्या नऊला या, ताळेबंदात चूक नको." खरोखर पिऊन गेलो असतो तर निदान घरी तरी पाठवलं असतं!

"डोळे मिटा," काका म्हणाले, "बोटांना विचारा."

मी अक्कल गहाण टाकून डोळे मिटले. बोटांनी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. कार्ड बंद.

काका पुढे झाले. प्लॅस्टिकच्या पाकिटातून कार्ड काढलं, पाकीट उजेडात धरलं. त्यावर निळ्या बॉलपेनने, गिरवून ठळक केलेले चार आकडे.

"लिहून ठेवावं माणसानं," नोटा मोजता मोजता ते म्हणाले.

माझा पिन मला आज सकाळीही आठवला नाही. काकांचा मात्र तोंडपाठ आहे.