‘काहीही नसताना’ मालेगावात सिनेमा झाला नाही

रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला, पण पुढे तो प्राइम व्हिडिओवर आला आणि घरोघरी पाहिला गेला. तेव्हापासून त्याच्या नावाने एक दावा थोड्याफार फरकाने सर्वत्र फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : मालेगावातल्या अडाणी यंत्रमाग कामगारांनी, खिशात दमडी नसताना आणि कसलीही माहिती नसताना, निव्वळ जिद्दीच्या बळावर चित्रपट काढला, सारे गाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले, अखेर मुंबईलाही त्यांच्यापुढे झुकावे लागले, आणि ही शंभर टक्के सत्यकथा असल्यामुळे, साधनांच्या नावाने रडणाऱ्या तरुणांना याहून सणसणीत उत्तर नाही.

चित्रपट चांगला आहे. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग आणि शशांक अरोरा या तिघांची कामे तर लक्षात राहण्याजोगी आहेत. तक्रार आहे ती दाव्याविषयी, कारण ज्यांचे कौतुक करण्याचा आव तो आणतो त्यांच्याच कामाची किंमत तो कमी करतो.

सर्वांत आधी ‘काहीही नसताना’ हे पालुपद तपासू. मालेगावात हे चित्रपट काढणारे दिग्दर्शक म्हणजे नासिर शेख. हिंदी चित्रपटातले मुख्य पात्र त्यांच्यावरूनच बेतले आहे, आणि ते व्हिडिओ पार्लर चालवत असत. व्हिडिओ पार्लर म्हणजे छोटेखानी खोली, बाकडी, समोर पडदा आणि खिशाला परवडणारे तिकीट. ज्याच्या हातात असे पार्लर आहे त्याच्याकडे ‘काहीही नाही’ असे म्हणणे म्हणजे धंद्याचे अज्ञान आहे. त्याच्याकडे चित्रफिती आहेत, त्या दाखवणारी यंत्रे आहेत, रोजचा गल्ला आहे, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे उठून बाहेर जातो हे वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिल्याचा अनुभव आहे. मुंबईतला एखादा निर्माता जी माहिती पैसे मोजूनही मिळवू शकत नाही, ती इथे रोज संध्याकाळी फुकट मिळत होती. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एका फितीवरचे तुकडे दुसरीवर उतरवत जाणे हेच तिथले संकलन होते, आणि लग्नसमारंभाच्या चित्रीकरणासाठी गावोगावी पोहोचलेला व्हीएचएस कॅमेरा हेच चित्रीकरणाचे साधन. ‘शोले’चे विडंबन करणारा त्यांचा ‘मालेगाव के शोले’ सुमारे पन्नास हजार रुपयांत झाला असे सांगितले जाते. ही रक्कम मुंबईच्या मानाने हास्यास्पद असेल, पण यंत्रमागाच्या गावात ती दमडी नव्हती. ती कुणीतरी उभी केली होती आणि तिकिटांतून ती परत येईल असा हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब जमण्याचे कारणही मालेगावातच होते. नाशिक जिल्ह्यातले हे शहर यंत्रमागांवर चालते. मागावर मजुरी बहुधा निघालेल्या कापडाच्या मापाने मिळते, दिवसाचे बारा-बारा तास खटाखट आवाजात उभे राहावे लागते, आणि आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे तर शुक्रवारी असते. हातात आठवड्याची मजुरी, अंगात आठवड्याचा शीण आणि समोर मोकळा दिवस अशा अवस्थेतली हजारो माणसे शुक्रवारी सिनेमाकडे वळत. म्हणजे प्रेक्षक तयार होता, त्याची सुट्टी ठरलेली होती, दाखवायची जागा हाताशी होती आणि कॅमेरा स्वस्त झाला होता. या चार गोष्टी एकाच गावात, एकाच काळात जुळून आल्या म्हणून तिथे सिनेमा झाला. जिद्दी माणसे भिवंडीत आणि इचलकरंजीतही कमी नसतील. पण केवळ जिद्दीवर काम भागले असते, तर प्रत्येक यंत्रमाग शहराचा असा स्वतःचा सिनेमा दिसला असता.

दुसरा मुद्दा ‘अडाणी’पणाचा. हा शब्द वापरणाऱ्यांनी फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा सुमारे तासाभराचा माहितीपट जरूर पाहावा. तो २००८ चा आहे आणि त्यात ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाची जुळवाजुळव प्रत्यक्ष घडताना दिसते. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नाही म्हणून सायकल, उंचावरून दृश्य घ्यायला क्रेन नाही म्हणून बैलगाडी. या दोन गोष्टी लोक कौतुकाने सांगतात आणि हसून सोडून देतात. पण ट्रॉली कशासाठी असते, क्रेनने दृश्यात नेमका काय फरक पडतो, हे पुरते उमगलेल्या माणसालाच तिच्या जागी सायकल किंवा बैलगाडी सुचते. माणूस उडताना दाखवायचा तर हिरव्या पडद्यासमोर चित्रण करून मागची पार्श्वभूमी संगणकावर जोडावी लागते, हे तंत्र त्यांनी माहिती करून घेतले आणि मग चित्रीकरणाला हात घातला. कॅमेरा पाण्यात पडतो, काम थांबते, तो दुरुस्त होईपर्यंत वाट पाहावी लागते, तेव्हा त्यांची धांदल अगदी कसलेल्या मंडळींसारखी असते. फरोग जाफरींसारखे लेखक तर ज्या गावात मुशायरे भरतात आणि उर्दूत वाचणारे-लिहिणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथून आले होते. अशा माणसाला अडाणी ठरवण्यासाठी मराठी किंवा इंग्रजी न येणे एवढाच निकष लावावा लागेल.

विडंबन ही सोपी गोष्ट आहे, असेही याच ओघात सुचवले जाते. मूळ ‘शोले’मधले घोडे मालेगावात सायकली झाले. केवळ पैशाअभावी केलेली ही काटकसर असती तर लोकांनी ती कीव करून पाहिली असती. ती लोकांना आवडली, कारण रोजच्या वापरातली सायकल डाकूच्या हाती देण्यातला विनोद लेखकाने ओळखून लिहिला होता आणि त्यावर हसणाऱ्या प्रेक्षकाने मूळ चित्रपट तोंडपाठ केलेला होता. ‘मालेगाव का सुपरमॅन’ तंबाखू आणि अस्वच्छतेविरुद्ध लढतो, हेही उगाच नाही. गावाची दुखणी काय आहेत हे त्या मंडळींना ठाऊक होते.

‘सारे गाव पाठीशी उभे राहिले’ हा तुकडा थोडक्यात निकाली काढता येतो. निम्मे गाव म्हणजे बायका, आणि त्या पडद्यावर जवळजवळ नव्हत्या. स्थानिक मुलींना काम करू द्यायला घरची तयारी नसे, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. हिंदी चित्रपटातली, मंजिरी पुपाला यांनी उत्तम वठवलेली तृप्ती ही व्यक्तिरेखा याच वस्तुस्थितीतून आली आहे. शीर्षकात ‘बॉइज’ आहे ते या अर्थानेही प्रामाणिक आहे. मागावरचे मालकही चित्रीकरणासाठी पगारी रजा देत नव्हते. ‘सुपरमॅन’ झालेले शफीक शेख यंत्रमाग कामगार होते; माहितीपटात त्यांच्या सुट्ट्यांचा मेळ बसवताना दिग्दर्शकाची कशी ओढाताण होते ते दिसते, आणि त्यातच मध्ये त्यांचे लग्न येते. मागावर गैरहजर राहिलेल्या दिवसाची मजुरी बुडते, आणि स्वप्नाची ही किंमत गावाने वाटून घेतली नाही, ज्याची त्याने भरली.

‘शंभर टक्के सत्यकथा’ याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण दाव्याचा सारा जोर या शब्दांवर आहे. हिंदी चित्रपटात काही वर्षे एकमेकांपासून दुरावलेले मित्र शफीकच्या कर्करोगाची बातमी कळल्यावर पुन्हा एकत्र येतात आणि त्याला नायक करून ‘सुपरमॅन’ काढतात. प्रेक्षक रडतो तो इथे, आणि ती मांडणी नाट्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्याच चित्रीकरणावेळी प्रत्यक्ष टिपलेल्या माहितीपटात दिसणारे शफीक मरणपंथाला लागलेले नाहीत. ते किडकिडीत अंगाचे, लाजरे, नवा पोशाख घालून खुशीत असलेले तरुण आहेत. कर्करोगाने त्यांचे निधन २०११ मध्ये झाले. वरुण ग्रोव्हर यांच्या पटकथेने घटनांची सांगड आपल्या गरजेप्रमाणे घातली, आणि पटकथाकाराला तो अधिकार आहे. मात्र मग ‘मृत्यू समोर असताना मित्रांनी स्वप्न पूर्ण केले, तर तुम्हाला काय अडचण आहे?’ असा सवाल त्या दृश्याच्या आधाराने इतरांना करता येत नाही. खऱ्या गोष्टीत ती मंडळी कुणाच्या अखेरच्या इच्छेसाठी जमली नव्हती. त्यांना सिनेमा करायचा होता आणि करताना मजा येत होती. हे कारण मला तरी पुरेसे वाटते.

आता मुंबई झुकल्याचा मुद्दा. मालेगाव ते मुंबई हे अंतर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. हे अंतर कापायला फरोगसारख्या लेखकाला किती जड जाते, हे हिंदी चित्रपटच दाखवतो : दारोदार हिंडणे, नकार, अपमान, आणि शेवटी परतीची वाट. या मंडळींना बाहेरच्या जगात नाव मिळाले ते मुख्यतः माहितीपटामुळे. तो महोत्सवांतून फिरला आणि आपल्याकडे चित्रपटगृहांत लागायला २०१२ साल उजाडले. त्यापूर्वी २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे मालेगावचे नाव वर्तमानपत्रांत पुष्कळ आले होते, सिनेमामुळे फार कमी. मोठा हिंदी चित्रपट आला तोवर ‘मालेगाव के शोले’ला जवळजवळ पंचवीस वर्षे होऊन गेली होती, शफीक हयात नव्हते, आणि व्हिडिओ पार्लरचा धंदाच संपला होता. शिवाय त्या चित्रपटात झळकले मुंबईचे व्यावसायिक नट, पैसा लागला एक्सेल एंटरटेन्मेंट, टायगर बेबी आणि अ‍ॅमेझॉनचा. यात गैर काहीच नाही. परंतु मुंबईने मालेगावची गोष्ट घेतली आणि मुंबईने मालेगावच्या कलावंतांना काम दिले, ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दावा करणारे पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरतात.

राहता राहिला तो ‘रडणाऱ्या तरुणांना उत्तर’ हा भाग. आज एखाद्या तालुक्याच्या गावातली मुले चित्रपट करू पाहत असतील, तर त्यांच्या खिशात नासिर शेख यांच्यापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा असतो आणि संकलनाची सोयही फोनमध्येच असते. त्यांच्याकडे नसते ते तिकीट काढून येणारे गावातले प्रेक्षक, चित्रपट लावायला स्वस्त जागा आणि चित्रीकरणाच्या दिवसांची मजुरी. मालेगावच्या मंडळींकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी होत्या आणि तिसरीसाठी त्यांनी पदरमोड केली. म्हणून एखादा तरुण ‘दाखवू कुठे आणि तोवर खाऊ काय?’ असे विचारत असेल, तर तो नासिर शेख यांनी पहिल्या चित्रपटाआधी मांडला असेल तोच हिशेब मांडतो आहे, आणि त्याला मालेगावचा दाखला देऊन गप्प बसवण्याचे काही कारण नाही.