तलावाच्या पायरीवर ठेवलेली बादली

आमच्या भागातली सार्वजनिक बाग, तिच्याजवळचा जलतरण तलाव आणि मुलांचे मैदान यांच्या नूतनीकरणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी संकल्पचित्रे पाहून शेजारीपाजारी खूश आहेत. मलाही आनंद झाला. बडोद्याच्या शाळेत ३१ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवल्यानंतर, मैदानावर आणि तलावावर पैसा खर्च होणार ही बातमी मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. परंतु त्या चित्रांमध्ये कमान आहे, रंगीत दिव्यांचे कारंजे आहे, फोटो काढण्यासाठी सजवलेला कोपरा आहे, आणि बायकांचे स्वच्छतागृह मात्र कुठेही दिसत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम तलावाविषयी, कारण तिथे मी स्वतः एक गोष्ट पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी शहरातला एक तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. काम ऐन एप्रिलमध्ये काढले आणि ते लांबत लांबत दुसऱ्या उन्हाळ्याच्या पलीकडे गेले. माझ्या भाचीची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. पोहायला शिकण्याचे तिचे दोन्ही उन्हाळे त्यात गेले, आणि तिच्यासारखी आमच्या गल्लीतली निदान आठ-दहा मुले मी नावानिशी सांगू शकेन. अखेर तलाव उघडला तेव्हा तळाला निळ्याशार टाइल होत्या, भिंतींवर मासे रंगवले होते आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांना नवे दरवाजे लागले होते. महिन्याभरात पाणी गढूळ दिसू लागले आणि वरचेवर तलाव बंद राहू लागला.

त्या तलावावर पंप चालवणारे एक काका होते, वीसएक वर्षे तिथेच काम केलेले. ते गुजराती, मी मराठी. बडोद्याच्या रीतीप्रमाणे आमचे बोलणे निम्मे इकडचे आणि निम्मे तिकडचे. पाणी असे का झाले, हे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी एक साधी प्लॅस्टिकची बादली तलावाच्याच पाण्याने भरली आणि दुसऱ्या पायरीवर अशी ठेवली की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. मग बादलीच्या आत पाण्याच्या पातळीशी एक रेघ आणि बाहेरच्या अंगाला तलावाच्या पातळीशी दुसरी रेघ पेनाने ओढली आणि म्हणाले, "काले सवारे आवजो, बेन." दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतले पाणी रेघेखाली जेमतेम नखभर उतरले होते, बाहेरचे पाणी बोटाच्या एका पेराएवढे खाली गेले होते. ऊन दोन्हीकडे सारखेच, वारा सारखाच. म्हणजे जेवढा फरक होता, तेवढे पाणी जमिनीत जात होते. २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर पाणी कमी होणे म्हणजे तीन हजारांहून अधिक लिटर पाणी जाणे, आणि इथे ते रोज जात होते. टाइल नव्या बसवल्या होत्या, त्यांच्या मागचे पाइप जुनेच राहिले होते. काकांना ही गळती काम निघण्याच्या आधीपासून ठाऊक होती. आराखडा करताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

गळतीचा परिणाम पाण्याच्या बिलापुरता राहत नाही, हे पोहायला येणाऱ्यांना सहसा माहीत नसते. सरासरी दीड मीटर खोलीच्या अशा तलावात पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी असते आणि ते सगळे दर चार ते सहा तासांनी वाळूच्या फिल्टरमधून एकदा फिरून यावे लागते. त्यात मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण दर लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा क्षारधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. पाणी गळत राहिले की रोज नवे पाणी भरावे लागते, नव्या पाण्यामुळे औषधाचे गणित रोज चुकते, पीएच वर चढला की क्लोरीन घालूनही ते नीट काम करत नाही, आणि मग मुलांचे डोळे चुरचुरतात व पालक तलावाला नावे ठेवतात. फिल्टरमधली वाळूही काही वर्षांनी बदलावी लागते. ती बदलली का, हे एखाद्याने उद्घाटनाच्या दिवशी विचारल्याचे मला आठवत नाही. तेव्हा या वेळच्या आराखड्यात पहिला खर्च पाइप, फिल्टर आणि पंप यांवर दाखवलेला असावा आणि टाइलचा रंग सर्वांत शेवटी ठरवला जावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे, कारण तेव्हा तलावावर तशीही गर्दी नसते. ते चार महिन्यांत संपणार नसेल तर दोन हिवाळ्यांत विभागावे, पण मुलांचा उन्हाळा घेऊ नये.

बागेचा विषय निघाला की आपण सगळे बडोद्यातल्या कमाटीबागेचे उदाहरण देतो, आणि ते योग्यच आहे. ११३ एकरांची ही बाग १८७९ साली झाली, तेव्हा सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते आणि राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. प्राणिसंग्रहालय त्याच वर्षीचे, संग्रहालयाची इमारत १८९४ची. इतक्या वर्षांनंतरही माझ्यासारख्या दांडिया बाजारात वाढलेल्या मुलीला आणि सुटीच्या दिवशी छोटा उदेपूरकडून आलेल्या कुटुंबाला तिथे सारख्याच हक्काने सावलीत डबा उघडून बसता येते, याचे मला फार मोल वाटते. परंतु त्या बागेतून विश्वामित्री वाहते. पावागडाच्या डोंगरातून निघालेल्या या नदीने ऑगस्ट २०२४ मध्ये शहराचे काय केले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पाणी घराघरांत होते आणि पाण्याबरोबर मगरीही वस्त्यांमध्ये आल्या होत्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ चा पाऊस कोणी विसरलेले नाही.

म्हणून नदीच्या किंवा कांसाच्या, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याच्या, काठावरील कोणत्याही बागेच्या आराखड्यात पहिला प्रश्न असा असला पाहिजे की, ही वस्तू चार दिवस गढूळ पाण्याखाली राहिली तर तिचे काय होईल. दगडी बाक राहील, तो धुऊन पुसून घेता येईल. लोखंडी झोपाळा रंग लावून पुन्हा उभा राहील. जमिनीत बसवलेले शोभेचे दिवे, तळघरातली कारंज्याची मोटार, हातभर उंचीवर लावलेले विजेचे पॅनेल आणि चिकटवलेला रबरी पृष्ठभाग यांपैकी काहीच सहसा वाचत नाही, आणि पूर ओसरल्यावर गाळात उघड्या पडलेल्या विजेच्या तारा मुलांच्या जिवावर बेतू शकतात. पॅनेल पुराच्या खुणेच्या वर, खांबावर बसवावे, हे सांगायला मोठ्या सल्लागाराची गरज नाही. खूण आमच्या सोसायटीच्या भिंतीवर अजून आहे, ती येऊन पाहावी.

झाडांबद्दल माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चालण्याच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवताना ते थेट खोडापर्यंत भिडवतात, मग मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही आणि काही वर्षांनी एखाद्या वादळात तेच झाड पडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे एक मीटर माती मोकळी सोडण्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलांच्या खेळण्यांसाठी जागा मोकळी करायची म्हणून कडुनिंब तोडण्याची कल्पना तर कृपया मनातूनही काढून टाकावी. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता बडोद्यात उन्हातल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर हात ठेवून पाहावा. माझी नात एकदाच बसली आणि पोटऱ्या धरून रडत आली. घसरगुंडी झाडाखालीच हवी.

आता स्वच्छतागृहांकडे येते, कारण या विषयावर बोलताना पुरुषांच्या बैठकीत नेहमी घाई होते. आमच्या बागेत सकाळी साडेपाचपासून बायका चालायला येतात, त्यांतल्या अनेक साठीच्या पुढच्या आहेत, काहींना मधुमेह आहे, आणि स्वच्छतागृहाला कुलूप असल्यामुळे त्या पाणी न पिता येतात आणि दोन फेऱ्यांत परततात. दुपारी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली झाडाखाली चटई टाकून बसतात; त्यांचीही तीच अडचण. संध्याकाळी लहान मुलांना घेऊन आलेल्या आया मुलांना झुडपाकडे नेतात, कारण दुसरा मार्ग नाही. चालू स्थितीतले, पाणी व दिवा असलेले, दिवसभर उघडे राहणारे आणि एक बाई देखरेखीला असलेले स्वच्छतागृह आधी उभे राहिले, तर कारंज्याशिवायही या बागेतली बायकांची संख्या वाढलेली दिसेल, याची मला खात्री आहे. त्याला आणि मुख्य फाटकाला उतार करताना तो एकास बारा या प्रमाणात, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा, असावा. आमच्या शेजारच्या आजोबांची चाकाची खुर्ची सध्या दोघांनी उचलून आत न्यावी लागते.

देखभाल हा शब्द कागदावर फार फिका वाटतो, पण बडोद्याला तो तालमींनी कधीच शिकवला आहे. जुम्मादादा व्यायामशाळा १८८० पासूनची. प्रोफेसर माणिकरावांनी तिचे नाव देशभर नेले. लहानपणी वडिलांबरोबर मी ज्या तालमीत जात असे, तिथल्या हौद्यातली तांबडी माती दररोज उकरली जाई, तीत ठरावीक दिवशी ताक, हळद आणि तेल घालून ती पुन्हा मळली जाई, आणि मल्लखांबाला एरंडेल चोळल्याशिवाय कोणी त्यावर चढत नसे. एक दिवस उकरली नाही तर माती बसते, आठ दिवस उकरली नाही तर ती दगडासारखी होते आणि तिच्यावर पडणाऱ्याचे हाड मोडते. ते काम वयाने लहान मुलांकडे असे, त्यामुळे ती जागा आपली आहे हे त्यांना आपोआप कळत असे. आजच्या बागेच्या आणि मैदानाच्या अंदाजपत्रकात ही रोजची उकरणी कुठे लिहिली आहे, ते मला पाहायचे आहे. माळी किती, त्यांना पगार कोणत्या शीर्षकाखाली, पंपाची दुरुस्ती कोण करणार, झोपाळ्याच्या साखळ्यांच्या कड्या दर महिन्याला कोण तपासणार, हे ठरल्याशिवाय काम सुरू करणे मला पटत नाही. ठेकेदाराला सगळे बिल काम संपताच न देता त्याचा एक भाग पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीशी बांधावा आणि तो करार फाटकावर गुजरातीत आणि मराठीत लावावा.

सुरक्षिततेविषयी लिहिताना हात थांबतो. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यातल्याच हरणीच्या तळ्यात सहलीला आलेली १२ मुले आणि त्यांच्या दोन शिक्षिका बुडून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. १९९३ मध्ये शहरातल्या सूरसागर तळ्यातही बोट उलटून माणसे गेली होती. मी आयुष्यभर मुलांना सहलीला नेले, ओळीत उभे करून पुन्हा पुन्हा मोजले, आणि त्या दिवसापासून त्या दोन शिक्षिका माझ्या मनातून जात नाहीत. ज्या तळ्यावर, ज्या तलावावर प्रशिक्षित जीवरक्षक, सर्वांना पुरतील इतकी जॅकेट आणि कितीजण आत सोडायचे याचा पाळला जाणारा आकडा नाही, ती जागा कितीही सुंदर केली असली तरी ती उघडू नये. याबाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही.

आराखडा अजून मंजूर झालेला नाही, म्हणून वेळ आहे. वॉर्ड ऑफिसला द्यायचे निवेदन तयार आहे, परंतु त्याला जोडायला आपल्याकडे मोजलेले काही हवे: कोणत्या तासाला किती माणसे येतात, त्यांत बायका किती, मुले किती, काठी किंवा खुर्ची घेऊन येणारे किती, आणि कोण फाटकातूनच परत जाते. येत्या रविवारपासून सलग आठ दिवस मी मागच्या फाटकाशी वही घेऊन बसणार आहे. पंपाचे काका आता निवृत्त आहेत, तरी ते बादली घेऊन आपल्या तलावावर यायला तयार झाले आहेत. तिथल्या माणसांची परवानगी मी घेतली आहे. ज्यांना रोज एक तास देता येईल त्यांनी कृपया खाली आपली वेळ लिहावी. सकाळच्या वेळा भरल्या आहेत, दुपारी दोन ते चारसाठी अजून कोणी नाही.